अस्मानी, सुलतानी आणि आपण: डिस्टोपियन व प्रलयोत्तर कथांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला एका मैत्रिणीच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी आमचा वाचनगट जमतो. सतरंज्या, चहा आणि जग बुडाल्याच्या गोष्टी. गेल्या काही वर्षांत गटातल्या आणि बाहेरच्या लोकांनी फोनवर, व्हॉट्सॲपवर, लोकलमध्ये उभ्या उभ्या जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. आधी वाचणाऱ्यांचे, मग लिहू पाहणाऱ्यांचे, शेवटी अडवणारे.

१. डिस्टोपियन म्हणजे नक्की काय? आणि प्रलयोत्तर कथा त्याहून वेगळी कशी?

या दोन्हींसाठी आपल्या भाषेत शब्द आधीपासून आहेत आणि आपण ते जोडीनेच वापरतो: अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून कोसळतं ते अस्मानी, म्हणजे दुष्काळ, पूर, साथ. माणसांनी माणसांवर लादलेलं ते सुलतानी, म्हणजे जुलूम, पहारा, जप्ती.

प्रलयोत्तर कथा अस्मानीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. घडी मोडलेली असते आणि उरलेली माणसं आता काय करतात हे ती बघते. अणुयुद्ध माणसानेच केलेलं असतं, पण उरलेल्यांच्या दृष्टीने तेही आभाळातूनच पडतं. डिस्टोपियन कथेत घडी मोडलेली नसते. ती फार घट्ट बसलेली असते. गाड्या वेळेवर, रस्ते स्वच्छ, आणि शेजारचं कुटुंब काल रात्री कुठे गेलं हे कुणी विचारत नाही.

शब्दाचं मूळ हवं असेल तर: 'यूटोपिया', म्हणजे आदर्श जग, हा शब्द टॉमस मोरने १५१६ मध्ये घडवला. त्याच्या उलट अर्थाचा शब्द जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडविषयीच्या धोरणावर बोलताना वापरला. म्हणजे हा शब्द सरकारवरच्या टीकेत वापरला गेला, कथा-कादंबऱ्यांसाठी तो नंतर रूढ झाला.

दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळतात का? हो, आणि सगळ्यात चांगल्या कथा तिथेच सापडतात. प्रश्न १० पाहा.

२. मग या विज्ञानकथाच झाल्या ना?

काही आहेत, काही नाहीत. यंत्र नसलं तरी चालतं. एक कायदा बदलून, एक पुस्तक बंद करून, एका वस्तीभोवती भिंत घालून डिस्टोपिया उभा राहतो.

३. कधीच वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

घराजवळून करा. जयंत नारळीकरांच्या 'हिमप्रलय' कथेत मुंबईत बर्फ पडतो. उकाड्यात वाढलेल्या वाचकाला ती कल्पनाच हलवून सोडते, आणि मागचं विज्ञान नारळीकरांचं असल्यामुळे पक्कं आहे. त्यानंतर मंजुळा पद्मनाभन यांचं 'हार्वेस्ट' हे १९९७ चं इंग्रजी नाटक. मुंबईतली एक खोली, बेकार मुलगा, आणि परदेशातल्या श्रीमंताला अवयव देण्याचा करार. करार झाल्यावर घरात काय काय येतं आणि काय जातं, एवढंच. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मध्येच उठून पाणी प्यायले होते.

मग जॉर्ज ऑर्वेलकडे जा. तो १९०३ साली बिहारमधल्या मोतिहारीत जन्मला आणि पाळत ठेवणाऱ्या राज्यावरची त्याची '१९८४' ही कादंबरी १९४९ मध्ये आली. बहुतेक जण तिच्यापासूनच सुरुवात करतात आणि पन्नासाव्या पानावर थकतात. तिसरं पुस्तक म्हणून घेतलीत तर ती जास्त भिडते, असा माझा अनुभव आहे.

४. ताई, वाचून झोप लागत नाही. बातम्या काय कमी आहेत? हे मुद्दाम का वाचायचं?

बातमी आपल्याला घटना देते, त्या घटनेतला माणूस देत नाही. 'इतके बेघर' वाचून आपण पान उलटतो. कथेत त्यातली एक बाई पत्र्याच्या डब्यात लग्नाचा फोटो घेऊन निघते आणि आपण तिच्याबरोबर चालतो. शिवाय कथेला शेवट असतो. भीतीला एक आकार मिळतो, तो हातात धरता येतो.

माझे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आमच्या चाळीचं घड्याळच बंद पडलं, कारण आम्ही वेळ भोंग्यावर ओळखायचो. पुढे त्याच जागांवर मॉल आले, काचेच्या इमारती आल्या. मोठी झाल्यावर पहिली प्रलयोत्तर कादंबरी वाचली तेव्हा मला कळलं की जग संपल्यानंतर माणसं कशी जगतात हे मी घरात पाहिलं होतं. आई लोकांच्या पोळ्या करायला लागली होती. उदास वाटण्याऐवजी मला तेव्हा सोबत मिळाल्यासारखं वाटलं.

तरीही एखादा काळ असा असतो की वाचू नये. घरात आजारपण असेल, नुकतंच कुणी गेलं असेल, तर पुस्तक बाजूला ठेवा. ते कुठे जात नाही.

५. मराठीत असं लेखन फारसं का नाही?

आहे, पण वेगळ्या फळीवर ठेवलेलं असतं. आपण ते 'विज्ञानकथा' किंवा 'रूपककथा' म्हणून वाचतो. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेने यात फार मोठं काम केलं. १९७४ मध्ये तिथे 'कृष्णविवर' या कथेला पहिलं पारितोषिक मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप, आणि त्या नावामागे होते जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली. नावावर नको, कथेवर निर्णय व्हावा म्हणून. दिवाळी अंकांत 'नवल'नेही अशा कथांना अनेक वर्षं घर दिलं.

आणि त्याहून मागे गेलात तर महाभारतातलं मौसलपर्व आहे. शाप, मुसळाचा भुगा, त्यातून उगवलेलं गवत, त्याच गवताने एकमेकांना मारणारे यादव, मग समुद्राखाली जाणारी द्वारका. पण मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो त्यानंतरचा भाग. उरलेल्या बायकामुलांना घेऊन अर्जुन निघतो, वाटेत लुटारू येतात, आणि गांडीवाला दोरी चढवताना त्याची दमछाक होते, अस्त्रं आठवत नाहीत. जुन्या जगाचं सामर्थ्य नव्या जगात चालत नाही, हे प्रलयोत्तर कथेचं मर्म तिथे पूर्ण आहे.

६. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला वाचू देऊ का?

किशोरांसाठी लिहिलेल्या या प्रकारच्या कादंबऱ्या भरपूर आहेत, त्या द्या. मोठ्यांच्या पुस्तकांत छळ आणि लैंगिक हिंसा असू शकते, म्हणून आधी तुम्ही वाचा. वाचून झाल्यावर तिला 'कळलं का?' असं विचारू नका. 'तू तिथे असतीस तर कुणाला बरोबर घेतलं असतंस?' असं विचारा. आमच्या गटातल्या एका मुलीने शाळेतल्या वॉचमनकाकांचं नाव घेतलं होतं, कारण त्यांना सगळी कुलपं उघडता येतात.

७. मुंबईत ही पुस्तकं स्वस्तात कुठे मिळतील?

हुतात्मा चौकाजवळचे आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे फूटपाथवरचे विक्रेते. नाव सांगू नका, विषय सांगा. ते तळातून काढून देतात. मराठीसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, स्थापना १८९८. जुने दिवाळी अंक कुठे चाळायला मिळतील याची चौकशीही ग्रंथालयातच करा, कारण अनेक चांगल्या कथा पुस्तकात आल्याच नाहीत.

८. मला लिहायचंय. पण अख्खं जग कसं उभं करू?

अख्खं करूच नका. एक सोसायटी घ्या. सात मजले, अठ्ठावीस घरं. आणि एक गोष्ट काढून घ्या: पाणी.

मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं. विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीत, बाकीचे पाच लांब: तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा, भातसा. त्यातलं बरंचसं पाणी उतारानेच शहरापर्यंत वाहत येतं. पण सोसायटीच्या खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत चढायला त्याला पंप लागतो आणि पंपाला वीज. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरचं जाळं कोसळलं तरी शहर वेगळं काढून उजेडात ठेवायची व्यवस्था मुंबईसाठी आहे. त्या दिवशी ती टिकली नाही. ते काही तासांत निभावलं. तुमच्या कथेत निभावू नका.

पहिला दिवस: लोक जिन्यात गप्पा मारतात, लहान मुलांना मजा वाटते. दुसरा दिवस: गच्चीवरची टाकी संपते, खालच्या टाकीला बादली आणि दोर लागतो. सहाव्या मजल्यावरच्या आजींना पाणी कोण नेऊन देणार? फ्रीजमधलं इन्शुलिन किती दिवस टिकणार? तिसरा दिवस: टाकीच्या झाकणाला कुलूप लागतं. किल्ली कुणाकडे? चौथा दिवस: सेक्रेटरी वही काढतात, माणशी दोन बादल्या. पाचवा: भाडेकरूंना एक. सहावा: वॉचमन खोलीत राहतो, पण तो सोसायटीचा सभासद नाही, मग त्याच्या बायकोला किती? आठव्या दिवशी वही ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोलताना लोकांचा आवाज बदललेला असतो.

एवढं प्रामाणिकपणे लिहिलंत तर बाहेरच्या जगाचं काय झालं हे वाचक स्वतःच रंगवतो. गटात नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हाच अभ्यास देते, आणि प्रत्येकाची वही वेगळ्या माणसाच्या हातात जाते. एकाने ती दहावीतल्या मुलीकडे दिली होती, कारण तिचं अक्षर चांगलं. ती कथा मी अजून विसरलेली नाही.

९. वेबसिरीजसारखा एकटा नायक, रिकामा हायवे, हातात बंदूक. हे मुंबईत कसं बसवू?

बसवू नका. ती भीती दुसऱ्या भूमीची आहे, जिथे माणसं लांब लांब राहतात आणि घरात बंदूक असते. आपल्याकडे एकटं राहायलाच जागा नाही. मुंबईकराला गर्दीची सवय आहे. त्याची भीती ही की गर्दी तीच असेल, पण ओळख देणार नाही. रिकामं स्टेशन दाखवायचंच असेल तर आधी ते भरलेलं दाखवा. २०२० च्या मार्चपासून लोकल सामान्य प्रवाशांना बंद होती, ती सर्वांसाठी, तीही ठरावीक वेळांत, १ फेब्रुवारी २०२१ ला उघडली. त्या शांततेत अस्वस्थ करणारं काय होतं? माझ्यासाठी ते होतं कोकिळेचं ओरडणं. फलाटावर कोकीळ ऐकू येते हे मला तोवर माहीतच नव्हतं.

१०. माझा हुकूमशहा खोटा वाटतो. खरी वाटणारी दुष्ट सत्ता कशी लिहू?

त्याला काळा कोट घालू नका, त्याला कारण द्या. आणि ते कारण खरं असू द्या.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेग असल्याचं डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखलं. साथ खरी होती, माणसं खरोखर मरत होती. १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. त्याच्या जोरावर घरात शिरून झडती, आजाऱ्याला उचलून नेणं, सामान जाळणं, प्रवाशांची तपासणी असं सगळं करता येऊ लागलं. त्याच काळात शास्त्रज्ञ हाफकिन मुंबईत प्लेगची लस तयार करत होते, म्हणजे माणसं वाचवणारे हात आणि दारं फोडणारे हात एकाच शहरात होते. साथीनंतर १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. त्याने कोंदट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, दादर-माटुंगा-शीवची आखणी केली. ज्या झाडांच्या सावलीत आम्ही चहा पितो ते रस्ते प्लेगच्या पोटी आले. आणि तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू झाला.

अस्मानीच्या पाठीवर बसून सुलतानी येते ती अशी. तिचे अधिकारी रात्री शांत झोपतात, कारण आपण जीव वाचवतोय अशी त्यांची खात्री असते. तुमच्या हुकूमशहाचं म्हणणं वाचताना वाचकाला दोन परिच्छेद पटलं पाहिजे. तिसऱ्यात तो दचकला की तुमचं काम झालं.

११. पात्रांची भाषा कशी ठेवू? नवे शब्द घडवू का?

घडवा, पण मूठभर. सत्तेचे शब्द मऊ असतात. 'अपात्र' हा शब्दच बघा. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या यादीत नावापुढे तो आला की एका कुटुंबाचं घर जातं, आणि शब्दात मात्र कुठेही घर, भिंत, पाऊस नाही. 'प्रकल्पग्रस्त', 'संक्रमण शिबिर', 'निष्कासन' हेही तसेच. माझ्या एका कथेतलं सरकार उपाशी माणसाला 'प्रतीक्षाधीन' म्हणतं. हा शब्द सुचायला मला तीन महिने लागले.

लोकांचे शब्द याच्या उलट असतात, आखूड आणि टोकदार. सरकार ज्याला 'जलवितरण केंद्र' म्हणेल त्याला लोक 'नळावर' म्हणतील. ही दोन भाषांची ओढाताण कथेत ठेवा. चाळीतली आजी, कोळीवाड्यातला तरुण, भोजपुरीमिश्रित हिंदी बोलणारा वॉचमन, सगळे एकाच पुस्तकी मराठीत बोलायला लागले तर मुंबई तिथेच संपते, प्रलय न येताच.

१२. जात-धर्म टाळले तर चालेल का? जग संपल्यावर ते कशाला?

टाळलंत तर कथा खोटी होईल. १८९६ च्या प्लेगात प्रशासनाला मोठी धास्ती होती ती सफाई कामगार शहर सोडून जातील याची. बाकीचे लाखो लोक गेले, त्याहून ही भीती मोठी, कारण हे गेले तर शहर एका आठवड्यात राहण्यालायक उरलं नसतं. पण ज्यांच्यावाचून शहर चालत नव्हतं त्यांना पाणी कुठल्या नळावर मिळत होतं?

म्हणून तुमच्या उद्ध्वस्त जगात आधी हे ठरवा: प्रेतं कोण उचलतं? गटार कोण उपसतं? स्वयंपाक कोण करतं, आणि त्याच्या हातचं कोण खात नाही? प्रश्न ८ मधली वही इथे परत उघडा.

१३. जग कशाने संपलं ते सांगायलाच हवं का?

वाचकाला नाही सांगितलं तरी चालेल. तुम्हाला मात्र माहीत हवं. पूर असेल तर भिंतीवर ओल हवी, साथ असेल तर कोरड्या भिंती आणि रिकामी घरं.

१४. मुंबई समुद्रात बुडाली, अशी कथा लिहिली. परीक्षकांनी 'घिसापिटा विषय' म्हणून परत केली. काय चुकलं?

विषय नाही चुकला. सगळी मुंबई एकदम बुडवलीत ते चुकलं असावं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यात झाला सुमारे ७३. उपनगरात माणसं गाडीच्या टपावर रात्र काढत होती, आणि दक्षिणेला पावसाळ्यातला नेहमीचा दिवस चालू होता. मी त्या रात्री कुर्ल्याहून कमरेभर पाण्यातून चालत निघाले. एका अनोळखी घरातून चहा-बिस्किटं मिळाली, आणि कुलाब्याच्या मावशीला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खरं वाटेना.

प्रलय सगळ्यांना सारखा येत नाही. कोण भराव घातलेल्या जमिनीवर राहतं, कोण टेकडीवर, कोणाच्या घरी तळमजला फक्त गाड्यांसाठी आहे, ते बघा. बुडालेल्या शहराची गोष्ट पाणी जिथे थांबतं त्या रेषेवर उभी असते. तिथे राहणारं एक कुटुंब निवडा आणि पुन्हा लिहा.

१५. लॉकडाऊनमध्ये खरोखर घडलेलं लिहू का? शेजाऱ्यांचं, नातेवाइकांचं?

स्वतःचं लिहा. दुसऱ्याचं लिहायचं तर विचारा. मी एकदा शेजारच्या काकूंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "रांगेचं लिही, हॉस्पिटलचं लिही. फक्त ह्यांचा शेवटचा फोन तेवढा नको लिहूस." तो फोन कथेतली सगळ्यात ताकदीची जागा ठरला असता. मी तो लिहिला नाही. नाव बदललं, घर बदललं की झालं असं समजू नका. ज्याचं दुःख असतं तो ते कुठल्याही नावाखाली ओळखतो.

१६. शेवट आशादायी हवा का?

खरा हवा. '१९८४'चा शेवट काळाकुट्ट आहे असं सगळे म्हणतात, पण कादंबरीनंतर एक परिशिष्ट आहे आणि त्यात त्या राज्यातल्या भाषेबद्दल भूतकाळात लिहिलंय. म्हणजे ते राज्य कधीतरी गेलं का? यावर वाचक आजही वाद घालतात. गटात आमची यावर दोन रविवार जुंपली. मला तो भूतकाळ पुरेसा वाटतो. उगवता सूर्य आणि हातात हात घेतलेली मुलं मात्र शेवटच्या पानावर चिकटवू नका.

१७. छापणार कोण?

दिवाळी अंक हा अजूनही सगळ्यात चांगला रस्ता. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच कथा पाठवा, गणपतीनंतर बहुतेक अंक भरलेले असतात. ज्या अंकाला पाठवणार त्याचे मागचे दोन अंक आधी वाचा. विज्ञान परिषदेसारख्या स्पर्धांचे नियम नीट पाहा. तिथे कथेत विज्ञानाचा आधार लागतो, त्यामुळे निव्वळ राजकीय डिस्टोपिया बसणार नाही (प्रश्न २). 'साभार परत' आली तर महिनाभर ठेवा, पहिलं पान काढून वाचून बघा. बऱ्याचदा कथा दुसऱ्या पानावर सुरू झालेली असते.

१८. मी भविष्यातलं लिहिलं आणि लिहून होईपर्यंत ते घडलं. आता?

असं होतं. 'हार्वेस्ट' १९९७ चं, त्यातली मुंबई २०१० ची. ते साल कधीच मागे पडलं, नाटकातली खोली अजून अंगावर येते. तरी तुमची कथा तारखेवर टेकलेली असेल तर ती डळमळेल. मी आता खर्ड्यातूनच साल काढून टाकते आणि त्याजागी आठवणी ठेवते: या पात्राला लोकलची गर्दी आठवते का, तिच्या आईला आठवते का, की दोघींनी ती फक्त आजीकडून ऐकली आहे. त्यावरून काळ किती पुढे गेला हे वाचक बरोबर मोजतात.